दंतचक्रांचा पृष्ठीय शिणवटा : ओतीव व घडीव पोलाद

दोन दंतचक्रे (दातेरी चाके) परस्परांत गुंतून फिरत असताना दात्यांचे जे पृष्ठभाग एकमेकांवर टेकतात, त्यांवर प्रत्येक फेऱ्यास एकदा मोठा दाब येतो व निघून जातो. हा दाब पोलादाच्या बलाच्या मानाने फारसा नसला, तरी लक्षावधी वेळा आल्यानंतर पृष्ठभागात केसासारख्या बारीक भेगा उत्पन्न होतात. त्या वाढून धातूचे बारीक कण सुटतात व दात्याच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे खळगे दिसू लागतात. पुढे खळगे एकमेकांना मिळून धातूचे पोपडेच निघतात. या क्रियेस पृष्ठीय शिणवटा म्हणतात. दंतचक्र ज्या पोलादाचे करावयाचे ते साच्यात ओतून घ्यावे की घणाखाली वा दाबयंत्रात घडवून घ्यावे, हा प्रश्न यंत्र अभिकल्पकापुढे (आराखडा तयार करणाऱ्यापुढे) नेहमी येतो. त्याच्या उत्तरावर चक्राचे आयुष्य, किंमत व कारखाना मध्येच बंद पडण्याचा धोका अवलंबून असतो. घडीव ते चांगले व ओतीव ते हलके, असा एक सरसकट समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

इतिहास : पवनचक्क्या व पाणचक्क्या यांतील दंतचक्रे पूर्वी लाकडाची असत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन व जॉन रेनी या अभियंत्यांनी ओतीव लोखंडाची म्हणजे बिडाची दंतचक्रे वापरात आणली. लंडन येथील ॲल्बियन गिरणीत (१७८६) रेनी यांनी अशी चक्रे बसविली होती. बीड ठिसूळ असल्याने त्यावर बेताचाच भार घालता येई. पोलाद साच्यात ओतून वस्तू करण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत बोखुम येथे याकोप मायर यांनी यशस्वी केली व त्यानंतर हळूहळू मोठी दंतचक्रे ओतीव पोलादाची होऊ लागली.

शिणवट्याचा पद्धतशीर अभ्यास आउगुस्ट व्होलर यांनी १८५० नंतरच्या दोन दशकांत रेल्वेच्या आसांवर केला. परंतु तो वाकण्याने येणारा शिणवटा होता. दोन वक्र पृष्ठभाग एकमेकांवर दाबले असता संपर्कस्थानी किती प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरील प्रेरणा) येते, याचे गणित हाइन्‍रिख हर्ट्‌झ यांनी १८८१ मध्ये मांडले. दंतचक्राच्या पृष्ठभागाच्या बलाचे आजचे सर्व गणित त्यावरच उभे आहे. विल्फ्रेड लूइस यांनी १८९२ मध्ये दाता बुडाशी मोडण्याविषयीचे सूत्र दिले. मात्र पृष्ठभाग झिजण्याचा व खळगे पडण्याचा हिशेब त्यात नव्हता. ती उणीव अर्ल बकिंगहॅम यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भरून काढली.

घडीव व ओतीव यांचा संयोग करण्याची कल्पनाही जुनी आहे. चार्ल्‌स पार्सन्झ यांनी १९१० च्या सुमारास ‘व्हेस्पेझियन’ या मालवाहू बोटीवर टरबाइनाचा वेग उतरविण्यासाठी दंतचक्रे बसविली. त्यांतील मोठे चक्र बिडाचे असून त्यावर घडीव पोलादाची कडी तापवून चढविली होती. लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवितो, तीच ही युक्ती. दात्यांना घडीव पोलाद मिळते व आरे आणि तुंबा स्वस्त धातूचे राहतात.

संपर्काखाली घडणारी क्रिया : दोन दाते एका रेषेवर टेकतात असे भूमितीत मानले जाते. प्रत्यक्षात दाबाखाली पोलाद किंचित चपटते व रेषेऐवजी एक अरुंद पट्टा तयार होतो. पट्ट्याच्या मध्यावर दाब सर्वाधिक व कडांना शून्य असतो. हर्ट्‌झ यांच्या गणितावरून निघणारी एक गोष्ट येथे महत्त्वाची आहे. धातूच्या थरांना एकमेकांवरून सरकवू पाहणारे कर्तन प्रतिबल पृष्ठभागावर सर्वांत मोठे नसते. ते पट्ट्याच्या निम्म्या रुंदीच्या सु. ०·७८ पट खोलीवर सर्वाधिक असते आणि तेथे त्याचे मूल्य कमाल दाबाच्या सु. ०·३ पट भरते. उदा., संपर्काची सापेक्ष वक्रता-त्रिज्या २० मिमी. व कमाल दाब १,००० न्यूटन प्रती चौ. मिमी. असलेल्या मध्यम आकाराच्या पोलादी दात्यांत ही खोली पाव मिलिमीटरहून थोडी अधिक येते. साखर वा सिमेंट कारखान्यातील मोठ्या चक्रांत त्रिज्या ६० मिमी. व दाब ६०० न्यूटन प्रती चौ. मिमी. धरल्यास ती अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जाते. या खोलीवर एखादी पोकळी, मळीचा कण वा मऊ ठिपका असेल, तर भेग तेथूनच सुरू होते. दात्याचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत असला, तरी पाव-अर्ध्या मिलिमीटरखाली काय आहे ते तो सांगत नाही. ओतीव व घडीव पोलादाचा वाद मुळात या थराविषयीचा आहे.

दाते केवळ लोळत नाहीत, घसरतातही. ज्या काल्पनिक वर्तुळांवर दोन चक्रे न घसरता लोळतात असे मानता येते, त्यांस अंतराल वर्तुळे म्हणतात. त्या वर्तुळावर घसरण शून्य असते व माथ्याकडे किंवा बुडाकडे जावे तशी ती वाढते. अंतराल वर्तुळाच्या खालील अंगावर लोळण्याची व घसरण्याची दिशा परस्परविरुद्ध असते. त्यामुळे तेथील वरचा थर ताणला जातो व खळगे बहुधा अंतराल रेषेच्या लगेच खाली प्रथम दिसतात. घर्षण वाढले की कमाल कर्तनाचे स्थान पृष्ठभागाकडे सरकते आणि मग भेग पृष्ठभागावरील खरवडीपासून किंवा यंत्रणाच्या खुणांपासून सुरू होते. वंगणतेल या कामी दुहेरी वागते. तेलाचा पडदा पुरेसा जाड असेल, तर पृष्ठभागांचे उंचवटे एकमेकांना लागत नाहीत. पण एकदा भेग उघडली, की तेल तीत शिरते, वरून दाब येताच कोंडले जाते व पाचरीसारखे भेगेला पुढे ढकलते. स्ट्युअर्ट वे यांनी १९३५ मध्ये रुळांवरील प्रयोगांनी दाखविले, की खळगे पडण्यास तेलासारख्या द्रवाची उपस्थिती आवश्यक असते.

ओतीव पोलाद : वितळलेले पोलाद सु. १,५५०° ते १,६००° से. तापमानास साच्यात ओततात. ते थंड होऊन गोठताना आकसते. साच्याला लागलेला थर प्रथम गोठतो, मधला भाग शेवटी. मधल्या भागाला आकसण्यासाठी लागणारे द्रव पोलाद पुरविण्याकरिता साच्यावर जादा धातूचे साठे ठेवतात. ओतशाळेत त्यांना रायझर म्हणतात. हे साठे योग्य जागी व पुरेसे मोठे नसले, तर सर्वांत शेवटी गोठणाऱ्या भागात आकुंचनाच्या पोकळ्या राहतात. शिवाय विरघळलेले वायू सुटून बारीक छिद्रे पडतात, साच्याची वाळू व मळी अडकते आणि गोठताना झाडाच्या फांद्यांसारखे वाढणारे स्फटिक आपल्यामध्ये कार्बन, मँगॅनीज, गंधक व फॉस्फरस यांचे प्रमाण असमान ठेवतात. त्यामुळे एकाच दात्यात मिलिमीटरभर अंतरावर कठिनतेत फरक पडू शकतो. सु. ९००° से. किंवा त्याहून अधिक तापमानास बराच काळ ठेवून नंतर हवेत निवविल्यास (सामान्यीकरण केल्यास) स्फटिककण बारीक होतात व कार्बन सारखा पसरतो. इतर मूलद्रव्यांची विषमता मात्र थोडीफार राहतेच. पोकळी कोणत्याही उष्णता संस्करणाने बुजत नाही.

ओतीव वस्तूची बाहेरील कातडी घट्ट व निर्दोष असते, दोष आत असतात. दाते मात्र कातडीत नसतात. चक्राचे कडे ओतून झाल्यावर त्यात दाते कापतात. मॉड्यूल २५ असलेल्या चक्राच्या दात्याची संपूर्ण उंची ५६ मिमी. असते. म्हणजे बुडाजवळील अंग मूळ कातडीपासून जवळजवळ अर्धा डेसिमीटर आत असते. कापणाऱ्या हत्याराने चांगली कातडी काढून टाकलेली असते व ज्या थरावर लक्षावधी वेळा दाब येणार, तो थर पूर्वीचा आतला थर असतो. म्हणून दंतचक्राच्या ओतकामाचे खरे कौशल्य कड्याच्या मध्याकडे पोकळी न राहू देण्यात आहे. यासाठी कड्याची जाडी व आऱ्यांचा जोड यांत एकदम फरक करीत नाहीत, जाड भागापाशी साच्यात थंड लोखंडी ठोकळे बसवितात आणि दात्यांच्या बाजूने आत अशी गोठण्याची दिशा राखतात. साचा फिरता ठेवून ओतल्यास (केंद्रोत्सारी ओतकाम) जड धातू बाहेर व हलकी मळी आत जाते. दाते बाहेरच्या परिघावर असल्याने ही पद्धत वाटोळ्या कड्यांना चांगली मानवते. मात्र तीत करता येणाऱ्या आकारावर मर्यादा असते.

ओतीव पोलादाचा एक गुण सहसा दुर्लक्षिला जातो. त्यात तंतू नसतात. कोणत्याही दिशेने ओढले, तरी निर्दोष ओतीव पोलादाचे बल व चिवटपणा जवळजवळ सारखेच भरतात. घडीव पोलादाविषयी असे म्हणता येत नाही.

घडीव पोलाद : घडीव पोलादही मूळचे ओतीवच असते. प्रथम पिंड किंवा अखंड ओतकामाने दांडा तयार करतात व त्यास सु. १,१००° ते १,२५०° से. तापमानास तापवून दाबयंत्राखाली वा घणाखाली चेपतात. मूळ छेदाचे क्षेत्रफळ पुरेसे म्हणजे साधारणतः तिप्पट किंवा अधिक घटेल इतकी घडाई झाली, तर आतील पोकळ्या दाबून सांधल्या जातात, स्फटिककण मोडून नवे बारीक कण तयार होतात व असमान द्रव्ये पसरतात. पृष्ठीय शिणवट्याच्या दृष्टीने घडाईचा सर्वांत मोठा लाभ पोकळी नाहीशी होणे हा आहे. तंतुप्रवाहाची स्तुती जास्त होते, पण तिला महत्त्व त्यानंतरचे दिले पाहिजे.

मळीचे कण घडाईने नाहीसे होत नाहीत. मँगॅनीज सल्फाइडासारखे मऊ कण लांबट होतात, ॲल्युमिनियम ऑक्साइडासारखे कठीण कण तुटून ओळीत पसरतात. या ओळींच्या दिशेने पोलाद चिवट असते व आडव्या दिशेने कमी चिवट. गोल दांड्याचा तुकडा कापून त्यातच दाते पाडले, तर तंतू अक्षाला समांतर राहतात व दात्याच्या बुडाशी वाकण्याचे प्रतिबल तंतूंच्या आडवे येते. तोच तुकडा उभा ठेवून चेपून चपटा केला, तर तंतू मध्यापासून परिघाकडे वळतात व दात्याच्या उंचीच्या दिशेने जातात. बुडाच्या बलाला हे हितकारक असते. पृष्ठभागाच्या शिणवट्याला मात्र त्याचा तेवढा उपयोग होत नाही, कारण दाते कापताना तंतूही कापले जातात व त्यांची टोके दात्याच्या अंगावर उघडी पडतात. मुद्रेतच (घडाईच्या साच्यातच) दाते उठविले, तर तंतू दात्याच्या आकारानुसार वळतात. मोटारीच्या मागील आसावरील वेगांतर पेटीतील शंकूच्या आकाराची लहान चक्रे अशी करतात.

घडाईचेही दोष आहेत. मोठ्या घडीव वस्तूत हायड्रोजन अडकून राहिल्यास निवताना आत रुपेरी ठिपक्यांसारख्या भेगा पडतात. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर द्रव पोलाद निर्वातात ठेवून त्यातील वायू काढण्याची पद्धत रूढ झाली व हा दोष बराच आटोक्यात आला. घडाई अपुरी झाली, तर जाड वस्तूच्या मध्यावर मूळ पिंडातील पोकळी तशीच राहते. घडीव म्हणून विकत घेतलेल्या प्रत्येक ठोकळ्याचे अंतरंग घडलेलेच असते, असे धरून चालणे धोक्याचे आहे.

तुलना : दोष किती मोठा असला म्हणजे बल किती घटते, याचा उपयुक्त हिशेब जपानमधील क्यूशू विद्यापीठाचे युकिताका मुराकामी व त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात मांडला. प्रतिबलाच्या दिशेला काटकोनात दोषाची जी सावली पडेल, तिच्या क्षेत्रफळाचे वर्गमूळ घ्यावे. शिणवट्याची मर्यादा या लांबीच्या सहाव्या मुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते व कठिनतेबरोबर वाढते. चांगल्या घडीव पोलादातील मळीचा कण ०·०५ मिमी. व ओतीव पोलादातील बारीक पोकळी ०·५ मिमी. धरली, म्हणजे लांबी दहापट झाली, तर मर्यादा सु. एक तृतीयांशाने घटते. हा हिशेब आलटून पालटून ताण व दाब येणाऱ्या भागाचा आहे. दात्याच्या बुडाशी तसा ताण येतो, म्हणून तेथे पोकळी फार घातक ठरते. संपर्काखालील पोलाद मात्र सर्व बाजूंनी दाबात असते, तेथे भेग उघडत नाही तर तिच्या दोन बाजू एकमेकींवर घासत सरकतात. त्यामुळे पृष्ठीय शिणवट्यात ओतीव व घडीव यांतील अंतर वरील हिशेबाहून कमी असते.

आंतरराष्ट्रीय प्रमाण संघटनेच्या ६३३६ क्रमांकाच्या मानकाचा पाचवा भाग दंतचक्रांच्या पोलादांविषयी आहे. त्यात आरपार सारख्या कठिनतेच्या ओतीव व घडीव पोलादांसाठी निरनिराळी मूल्ये दिली आहेत. मध्यम गुणवत्तेच्या मिश्रपोलादाची कठिनता व्हिकर्स मापाने २५० असेल, तर पृष्ठभागावर चालू शकणाऱ्या संपर्क प्रतिबलाची मर्यादा घडीव पोलादास सु. ७०० व ओतीव पोलादास सु. ६१५ न्यूटन प्रती चौ. मिमी. येते. फरक सु. १२ टक्के दिसतो. परंतु संपर्क प्रतिबल भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्याने भाराच्या भाषेत हा फरक वर्ग होऊन येतो. त्याच मापाचे घडीव चक्र ओतीव चक्राहून सु. ३० टक्के अधिक भार पेलते. अभिकल्पकास हा फरक लहान नाही.

पण त्याच मानकातील दुसरा आकडा पाहिला, म्हणजे वादाचे स्वरूप बदलते. घडीव मिश्रपोलादाच्या चक्राच्या पृष्ठभागात कार्बन मुरवून त्यास पाणी दिले, तर ही मर्यादा १,५०० न्यूटन प्रती चौ. मिमी. धरता येते. ७०० वरून १,५०० म्हणजे भाराच्या भाषेत साडेचारपटीहून अधिक. घडाईने मिळणारा लाभ तीस टक्के व कठिनतेने मिळणारा लाभ साडेतीनशे टक्के, असे हे प्रमाण आहे. तेव्हा घडीव पोलादाचे खरे महत्त्व ते स्वतः थोडे अधिक टिकते यात नसून ते पृष्ठ कठिनीकरणाला निर्धोकपणे सोसते यात आहे. कठीण पोलाद दोषाला अधिक हळवे असते. मऊ पोलादात पोकळीच्या काठाशी धातू किंचित दबून प्रतिबल पसरते. कठीण कवचात ते तसे पसरत नाही आणि लहान छिद्रही भेगेचे मूळ ठरते. मोटारीच्या वेगपेटीतील चक्रे मँगॅनीज-क्रोमियम युक्त घडीव पोलादाची करून त्यांवर सु. एक मिलिमीटर खोलीचे व रॉकवेल-सी मापाने ५८ ते ६२ कठिनतेचे कवच तयार करतात. कवचाची खोली कमाल कर्तनाच्या खोलीपेक्षा बरीच अधिक ठेवावी लागते. नाहीतर कवच व मऊ गाभा यांच्या सीमेवर भेग पडून कवचच्या कवच निघून येते. कार्बन मुरविल्याने पृष्ठभागात दाबाचे अवशिष्ट प्रतिबलही राहते व ते भेगेला विरोध करते.

ज्योतीने किंवा विद्युत् प्रवर्तनाने दात्यांची अंगे तापवून पाणी दिल्यास ओतीव चक्रासही कठीण कवच देता येते. या गटात वरील मानक ओतीव व घडीव पोलादांस एकत्रच ठेवते. मात्र दात्यांच्या थरात पोकळी नसावी, ही अट त्यामुळे अधिकच कडक होते.

वेग व फेऱ्यांची संख्या : आणखी एक बाब निवडीत निर्णायक ठरते. दात्यावर दाब किती वेळा येणार, ती. साखर कारखान्यातील उसाच्या चरकाचे रूळ मिनिटास सु. पाच फेरे घेतात. त्यावरील मोठ्या चक्राच्या दात्यावर दिवसाला ७,२०० वेळा व १५० दिवसांच्या गळीत हंगामात सु. अकरा लाख वेळा दाब येतो. आरपार कठिनतेच्या पोलादात खळग्यांच्या बलाची मर्यादा साधारणतः पाच कोटी फेऱ्यांशी जोडलेली असते. ही संख्या गाठण्यास या चक्राला सु. पंचेचाळीस हंगाम लागतील. याउलट मिनिटास १,५०० फेरे घेणाऱ्या पिनियनाला (जोडीतील लहान चक्राला) तीच संख्या गाठण्यास जेमतेम तेवीस दिवस पुरतात. म्हणून एकाच यंत्रात वेगवान बाजूस घडीव व कवच कठीण केलेली चक्रे आणि संथ बाजूस ओतीव पोलादाची चक्रे हा संकेत रूढ झाला आहे. त्यास काटकसरीइतकाच गणिताचाही आधार आहे.

संथ व उघड्या चक्रांत तर शिणवट्याची पाळी बहुधा येतच नाही. वेग कमी असल्याने तेलाचा पडदा तयार होत नाही, धूळ व चिपाडाचा भुसा ग्रीझात मिसळतो आणि पृष्ठभाग झिजतो. भेग वाढण्यापूर्वीच तिच्यासह वरचा थर घासून जातो. अशा ठिकाणी घडीव पोलादावर अधिक खर्च करण्यापेक्षा चक्रावर झाकण बसविणे व वंगणाची सोय सुधारणे अधिक फलदायी ठरते. महाराष्ट्रातील जुन्या साखर कारखान्यांत ओतीव पोलादाची उघडी चक्रे अनेक दशके चालली, ती यामुळेच. अलीकडे अनेक ठिकाणी त्यांची जागा बंदिस्त पेटीतील ग्रहीय दंतचक्रमालांनी घेतली आहे व त्यांत घडीव, कवच कठीण केलेली चक्रे वापरतात.

सिमेंटच्या भट्टीभोवती बसविलेले वलयचक्र हे ओतीव पोलादाचे आणखी एक राखीव क्षेत्र होय. त्याचा व्यास कित्येक मीटर असतो, ते दोन वा चार खंडांत ओतून बोल्टांनी जोडतात. एवढ्या मोठ्या व्यासाचे घडीव कडे करणे अवघड व खर्चाचे असते. त्यास फिरविणारे पिनियन मात्र घडीव असते व त्याची कठिनता वलयचक्राहून ब्रिनेल मापाने चाळीस-पन्नासने अधिक ठेवतात, कारण त्याच्या प्रत्येक दात्यावर कितीतरी अधिक वेळा दाब येतो. वलयचक्राच्या दात्यांची एक बाजू झिजली वा खळग्यांनी भरली, तर चक्र उलटे फिरवून बसवितात व दुसरी, न वापरलेली बाजू कामास लावतात. असे करता यावे म्हणून चक्राचा आकार मुळातच दोन्ही बाजूंनी सारखा ठेवतात.

परीक्षण व स्वीकृती : ओतीव चक्र घेताना ते ओतीव आहे यापेक्षा ते कसे तपासले हे अधिक महत्त्वाचे असते. दाते कापण्यापूर्वी कड्याची श्राव्यातीत ध्वनितरंगांनी तपासणी करून आतील पोकळ्या शोधतात. ही तपासणी सामान्यीकरणानंतरच करावी, कारण भरड स्फटिककण ध्वनी विखुरतात व दोष लपून राहतो. दाते कापल्यावर चुंबकीय चूर्ण परीक्षेने पृष्ठभागाजवळील भेगा पाहतात. ओतशाळेत लहान पोकळी वितळजोडकामाने भरून काढण्याची रीत आहे. कड्याच्या आतील बाजूस किंवा आऱ्यांवर ती चालते. दात्यांच्या क्षेत्रात असे जोडकाम केलेला भाग कठिनतेने भोवतालच्या पोलादाशी जुळत नाही व खळगे तेथूनच सुरू होतात. म्हणून उत्तम प्रतीच्या चक्रांत तसे करण्यास मज्जाव असतो. भारतीय मानकांपैकी सर्वसाधारण अभियांत्रिकीतील कार्बन पोलादाच्या ओतीव वस्तूंसाठी १०३० व घडीव वस्तूंसाठी २००४ या क्रमांकांची मानके आहेत, तर चक्रांच्या भारक्षमतेचा हिशेब ४४६० क्रमांकाच्या मानकात दिला आहे.

प्रयोगशाळेत पृष्ठीय शिणवटा मोजण्यासाठी दोन पद्धती आहेत. पहिलीत दोन रूळ ठरलेल्या दाबाने एकमेकांवर लोळवितात. ही स्वस्त असून पोलादांची आपसांत तुलना करण्यास पुरते. दुसरीत प्रत्यक्ष दंतचक्रांच्या दोन जोड्या दोन दंडांनी एकमेकींस जोडून, दंडांना पीळ देऊन फिरवितात. शक्ती या चौकटीतच फिरत राहते व विद्युत् चलित्राला फक्त घर्षणाचा व्यय भरून काढावा लागतो. या यंत्राचा प्रसिद्ध नमुना म्यूनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील दंतचक्र संशोधन केंद्राने विकसित केला. ओतीव पोलादाच्या परीक्षेत निकालांचा विखुरलेपणा अधिक असतो. एकाच ओतकामातील दोन चक्रांपैकी एक दुसऱ्याच्या कित्येक पट टिकते. मानकांतील ओतीव पोलादाची मूल्ये कमी असण्याचे एक कारण हा अनिश्चितपणाही आहे. सर्वोत्तम ओतीव चक्र सामान्य घडीव चक्राच्या बरोबरीस येते, पण अभिकल्पकाला हिशेब सर्वांत कमकुवत चक्राचा करावा लागतो.

महाराष्ट्रात दोन्ही प्रकारचे उद्योग आहेत. कोल्हापूर व सांगली परिसर ओतशाळांसाठी प्रसिद्ध असून तेथे बिडाचे ओतकाम अधिक होते. पुणे येथे भारत फोर्ज ही घडाईची मोठी कंपनी १९६१ मध्ये स्थापन झाली. वालचंदनगर येथे साखर व सिमेंट कारखान्यांच्या यंत्रसामग्रीबरोबर दंतचक्रेही तयार होत आली आहेत.

खळगे दिसल्यावर काय करावे : नव्या चक्रावर पहिल्या काही आठवड्यांत अंतराल रेषेखाली बारीक खळगे दिसले, म्हणून घाबरून चक्र काढण्याचे कारण नसते. दाते सर्व रुंदीवर सारखे टेकत नसतील, तर उंच भागांवर भार एकवटतो व तेथे खळगे पडतात. उंचवटे गेल्यावर भार पसरतो व खळगे वाढणे थांबते. आरपार कठिनतेच्या ओतीव चक्रात ही सुधारक क्रिया पुष्कळदा दिसते. कवच कठीण केलेल्या घडीव चक्रात ती सहसा घडत नाही. तेथे पडलेला खळगा वाढतच जातो व पोपडा सुटला, की त्याच्या काठापासून दाता तिरपा मोडू शकतो. म्हणून तपासनिसाने खळग्यांची जागा, आकार व खोली ठरावीक काळाने मोजून, शक्य तर छायाचित्र वा मेणाचा ठसा घेऊन, नोंदवून ठेवावी. दोन पाहण्यांमध्ये खळगे वाढले नसतील, तर चक्र चालू ठेवता येते. वाढले असतील, तर प्रथम दंडांची सरळ रेषा व तेलाची श्यानता (दाटपणा) तपासावी. खळगे दात्याच्या एकाच टोकास एकवटले असतील, तर दोष बहुधा दंडांच्या जुळणीचा असतो, पोलादाचा नव्हे. ते सर्व परिघावर न दिसता एक-दोन ठिकाणीच गटाने दिसले, तर मात्र तेथे आत पोकळी वा जोडकाम असण्याचा संशय घ्यावा व त्या दात्यांची ध्वनितरंगांनी पुन्हा तपासणी करावी.